पाऊण तासाचा पेशंट

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. बीएएमएस झालं, इंटर्नशिप संपली, आणि आपल्याच तालुक्यात १०८ च्या गाडीवर, म्हणजे सरकारी रुग्णवाहिकेवर, डॉक्टर म्हणून बोलावणं आलंय. घरचे म्हणतात, बाई माणसानं रात्री-बेरात्री कुठं फिरायचं, चौकात एखादा गाळा बघ आणि क्लिनिक टाक. त्या गाडीवर रोज काय मिळतं आणि काय जाचतं, हे मात्र कोणी नीट सांगत नाही.

मी अकरा वर्षं ह्या गाडीवर आहे. सगळी यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला. एका अंगाला नागपूर-हैदराबाद महामार्ग, दुसऱ्या अंगाला पैनगंगा, मधे पऱ्हाटीची म्हणजे कापसाची वावरं आणि टेकड्यांवर कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या. मी सांगतो ते ह्या पट्ट्याचं. भामरागडच्या डॉक्टरला विचाराल तर तो पुरात तुटणाऱ्या रस्त्यांबद्दल बोलेल, ब्रह्मपुरीचा वाघाबद्दल बोलेल.

जायचं की नाही हे ठरवायला मी तुम्हाला एकच विचारतो. गोष्ट अर्धवट ऐकून तुम्हाला झोप लागते का? कारण इथला पेशंट आपला फार तर पाऊण तासाचा असतो. आपण त्याला वावराच्या धुऱ्यावरून उचलतो, त्याचा श्वास मोजतो, त्याच्या बायकोला समजावतो, दवाखान्याच्या दारात कागदावर सही घेतो, आणि तिथं तो आपल्या हातून जातो तो कायमचा. जगला की गेला हे दहातल्या आठ जणांचं कळत नाही. क्लिनिकवाल्या डॉक्टरचा पेशंट आठ दिवसांनी परत येतो आणि "गोळीनं बरं वाटलं जी" म्हणतो. हे वाक्य ज्याला ऐकायला हवं असतं त्यानं गाळाच बघावा, त्यात कमीपणा काही नाही.

आता गाडीबद्दल. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या. त्यातल्या २३३ प्रगत, म्हणजे व्हेंटिलेटर वगैरे असलेल्या, आणि ७०४ साध्या. फोन पुण्याच्या नियंत्रण कक्षात जातो, तिथून जवळच्या गाडीला कॉल येतो. बहुतेक राज्यांत मागं टेक्निशियन बसतो, आपल्याकडं डॉक्टर बसतो, आणि तो बहुतेक वेळा तुमच्या-माझ्यासारखा आयुर्वेदाचा असतो. ह्याला ईएमएसओ म्हणतात, म्हणजे आपत्कालीन वैद्यकीय सेवा अधिकारी. गाडी चालवतो तो पायलट. बस, दोघंच. सिस्टर नाही, वॉर्डबॉय नाही. स्ट्रेचरचं एक टोक तुमच्या हातात असणार हे आधीच धरून चला.

सकाळी आठला गाडी ताब्यात घेतली की पहिली वीस मिनिटं सामानाची. ऑक्सिजनचा काटा, तोंडातलं रक्त-उलटी ओढून घेणारं सक्शन, घशात बघायच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा, हातानं दाबून श्वास द्यायची अँब्यू बॅग आणि तिचे मास्क, डिलिव्हरी किट, फवारणीच्या विषावरचं ॲट्रोपिन किती उरलंय. हे रोज करायचं, आणि आदल्या पाळीच्या डॉक्टरनं "सगळं ओके" सांगितलं तरी करायचं. मी एकदा नाही केलं. पहिल्याच वर्षी. महामार्गावरचा अपघात, तरुण पोरगा, तोंडात रक्त आणि उलटी, आणि मी सक्शन लावलं तर मशीन नुसतं घूं घूं करतंय, ओढत काही नाही. बरणीचं झाकण नीट बसलेलं नव्हतं. दोन सेकंदांचं काम, पण त्या वेळी मला ते सुचलं नाही. पोराला कुशीवर केलं आणि बोटाला गॉज गुंडाळून तोंड साफ करत नेलं. तो दवाखान्यात पोचला तेव्हा श्वास चालू होता. पुढचं माहीत नाही. झाकण मात्र त्यानंतर मी रोज स्वतःच्या हातानं दाबून बघतो.

लोकांना वाटतं आम्हाला रक्ताचा त्रास होत असेल. रक्ताची सवय महिनाभरात होते. त्रास होतो पत्त्याचा.

"कुठं आहात?"
"इथंच हावो जी, मारुतीच्या देवळापाशी."

मारुतीचं देऊळ नाही असं गाव मला ह्या तालुक्यात दाखवा. त्यात एकाच नावाची दोन गावं, एक बुद्रुक आणि एक खुर्द, आणि फोन करणारा घाबरलेला असला की तो शेपूट गाळून नुसतं नाव सांगतो. पैनगंगेच्या काठच्या गावांत तर आणखी गंमत. मोबाईलनं पलीकडचा टॉवर पकडला की १०८ कधीकधी तेलंगणात लागतो आणि बिचाऱ्या कास्तकाराला पलीकडून तेलुगू ऐकू येतं. तो घाबरून फोन ठेवतो, पुन्हा लावतो, पुन्हा तेच. दहा मिनिटं अशी जातात आणि मग गाव म्हणतं, गाडी उशिरा आली.

ह्यावर माझा उपाय सांगतो. कॉल आला की गाडी निघताच त्या नंबरवर स्वतः फोन लावायचा. "कुठं आहात" असं विचारायचं नाही, "गावात शिरताना आधी काय लागते?" असं विचारायचं. आणि सांगायचं, एक माणूस मोटारसायकल घेऊन फाट्यावर पाठवा, लाइट चालू ठेवून उभं राहायला सांगा. फाट्यावरचा तो एक लाइट मला कुठल्याही नकाशापेक्षा भरवशाचा वाटतो. त्याच फोनवर अर्धं डॉक्टरकीचं कामही होऊन जातं. बेशुद्ध असेल तर कुशीवर करा, तोंडात पाणी घालू नका, फिट आली असेल तर नाकाला कांदा-चप्पल काही लावू नका. माझ्या मते ह्या नोकरीतलं सगळ्यात कमी लेखलं गेलेलं कसब म्हणजे हे फोनवरचं बोलणं. कॉलेजात ते कोणी शिकवत नाही.

पावसाळा सुरू झाला की सापाचे कॉल. आमच्याकडं "साप चावला" म्हणत नाहीत, "पान लागलं" म्हणतात. नवीन डॉक्टर ह्यावर हमखास फसतो. फोनवर "पोराले पान लागलं" ऐकून त्याला वाटतं, तंबाखू-सुपारीचं चढलं असेल. विषारी म्हणून ज्यांची खरी भीती ते चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. आपल्याकडची लस ह्याच चौघांवर चालते. घोणस चावली तर पाय सुजतो, दुखतो, हिरड्यांतून रक्त येतं, माणसं घाबरून लवकर निघतात. दवाखान्यात कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त वीस मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर विष भिनलंय, इतकी सोपी तपासणी. नातेवाइकांनी दोरीनं पाय आवळून काळानिळा केलेला असतो, आणि ती दोरी गाडीत घाईघाईनं सोडायची नसते. लस टोचायची तयारी होईपर्यंत थांबायचं, नाहीतर अडकलेलं विष एकदम वर जातं.

मण्यारीचं तसं नाही. ती रात्री येते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, सूज नाही, खूण दिसेल न दिसेल. पहाटे पोट दुखतं. घरात वाटतं रात्रीचं शिळं बाधलं.

ऑगस्टमधली गोष्ट. सकाळी साडेसहाचा कॉल, एका पोडावरून, "पोट दुखू रायलं, बोलता येत नाई." हे दोन एकत्र ऐकलं आणि मी पायलट भाऊंना म्हटलं, दाबा. पोडापर्यंत गाडी जात नाही. खाली नाल्याशी गाडी लावली, बॅग खांद्यावर टाकून चिखलातून वर चढलो. बावीसएक वर्षांचा पोरगा बाजेवर. झोपडीत अंधार. टॉर्च डोळ्यांवर मारली तर पापण्या अर्ध्या मिटलेल्या, उघड म्हटलं तर उघडेना. त्याचा बाप म्हणाला, "रातपासून झोप झाली नाई त्याची, डोये जड झाले." मी पोराला थुंकी गिळायला लावली, ती ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आली. अंगावर चाव्याची खूण मला शेवटपर्यंत सापडली नाही. बाज तशीच चौघांनी उचलून नाल्यापर्यंत आणली.

जवळच्या सरकारी दवाखान्यात पंचवीस मिनिटांत पोचलो. तिथल्या मॅडमनी एकही प्रश्न न विचारता लस काढली. पहिला डोस दहा कुप्यांचा. ती पावडर असते, पाणी घालून हलक्या हातानं गोल फिरवून विरघळवावी लागते, जोरात हलवली तर फेस होतो. आम्ही दोघं आणि एक सिस्टर कुप्या फिरवत उभे. लस गेली, निओस्टिग्मीन देऊन झालं, पण पोराचा श्वास उथळ होत चालला होता आणि तिथं व्हेंटिलेटर नव्हता. म्हणजे यवतमाळचं मेडिकल, मेडिकल कॉलेजचा मोठा दवाखाना. सत्तर किलोमीटर.

त्या दिवशी माझ्याकडं साधी गाडी होती. म्हणजे अँब्यू बॅग. मास्क चेहऱ्यावर घट्ट बसवायला दोन्ही हात लागतात आणि बॅग दाबायला तिसरा. तिसरा हात बापाचा. मी त्याला म्हटलं, पाचपर्यंत मोजा, मग दाबा, पुन्हा मोजा. त्या माणसाला मराठी बेताचीच येत होती, पण आकडे येत होते. एक, दोन, तीन, चार, पाच, दाब. सत्तर किलोमीटर. मधे एकदा रेल्वे फाटक लागलं, तिथंही तो मोजतच होता.

आणि एक गोष्ट मी तेव्हा शिकलो, तुम्ही आधीच शिकून जा. मण्यारीनं स्नायू लुळे पडतात, शुद्ध जात नाही. पोरगा मढ्यासारखा पडलेला दिसतो, पण त्याला सगळं ऐकू येत असतं. त्याच्या डोक्याशी बसून "हा काही वाचत नाही" असं म्हणणारा माणूस मी त्याआधी होतो. त्या दिवशी मी त्याच्या कानाशी सारखा बोलत राहिलो. आता महामार्गाला लागलो, आता टोल आला, तुझा बाप बॅग दाबतोय, चांगली दाबतोय. बोटावरचं यंत्र ९६ दाखवत होतं आणि माझ्या डोक्यात त्या ९६ शिवाय जगातलं काही नव्हतं. ना पगार, ना घर, ना आदल्या रात्रीचं भांडण. ह्या कामात काय मिळतं असं विचारलंत ना, ते हे.

मेडिकलला त्याच्या घशात नळी गेली, मशीन लागलं, सही मिळाली. बाप कॉरिडॉरच्या भिंतीला टेकून बसला होता आणि त्याची बोटं अजून मिटत-उघडत होती. पुढच्या आठवड्यात दुसरा पेशंट घेऊन गेलो तेव्हा वॉर्डात विचारलं. त्या खाटेवर दुसरं कोणी होतं. सुट्टी झाली म्हणाले, की नागपूरला पाठवलं, की काय, कोणाला धड सांगता आलं नाही. पोडावर जाऊन विचारता आलं असतं. गेलो नाही. का गेलो नाही ते तुम्हाला वर्षभर ही नोकरी केल्यावर विचारीन.

फवारणीच्या दिवसांत वेगळाच वास घेऊन घरी जाल. २०१७ चं साल आमच्या जिल्ह्यात कोणी विसरलेलं नाही. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, वरून दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली, मोठ्या दाबाचे पंप, आणि तोंडाला फार तर दुपट्टा. वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर त्या हंगामात गेले आणि शेकडो दवाखान्यात पडले. तेव्हापासून जुलै ते ऑक्टोबर माझी नजर आधी बाहुल्यांवर जाते. टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक बाहुल्या, तोंडातून लाळ, अंगभर घाम, छातीत खरखर. आधी स्वतः हातमोजे घालायचे, गाडीच्या खिडक्या उघडायच्या, पेशंटचे कपडे काढून साबण-पाण्यानं अंग धुवायचं. नातेवाईक म्हणतात, "आंघोय कायले घालता, सुई द्या." धुतल्याशिवाय सुईचा उपयोग अर्धा, कारण विष कातडीतून आत जातच राहतं. मग ॲट्रोपिन. एक ॲम्प्यूल ०.६ मिलिग्रॅमची, पहिल्याच डोसाला तीन-चार फुटतात, दर पाच मिनिटांनी दुप्पट, छातीतली खरखर थांबेपर्यंत. आता हिशेब करा, गाडीत किती असतात आणि दवाखाना किती लांब. म्हणून सकाळी मोजायला सांगितलं.

फवारताना लागलं आणि मुद्दाम घेतलं, ह्यात लोक फरक लपवतात. "केस होईन" ही भीती. पण प्यायलेल्याच्या पोटात कितीतरी जास्त विष असतं, आणि ते आम्हाला कळलं तर पुढच्या दवाखान्याला आधीच कळवता येतं. मी नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतो, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार असा माणूस तणावाखाली होता असंच धरतात, त्याला शिक्षा करत नाहीत. आणि १ जुलै २०२४ ला आलेल्या नव्या न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम तसं आलेलंच नाही. पोलिसांत नोंद होते, ती होऊ द्या. हे ऐकल्यावर बायको हळूच चुलीमागची बाटली आणून देते. ती बाटली सोबत न्यायची. लेबल वाचून डॉक्टरची दहा मिनिटं वाचतात.

ही माणसं बहुतेक माझ्याच वयाची असतात. वावरं पाच-सात एकर, बोलीही माझीच. त्याबद्दल ह्याहून जास्त मला लिहिता येत नाही.

आता जे खरोखर जाचतं ते. पेशंट घेऊन एका दवाखान्यात गेलो, "आमच्याकडं सर्जन नाही, पुढं न्या." पुढं गेलो, "बेड नाही, नागपूरला न्या." तोंडी रेफर, कागद नाही. नाव घेत नाही, आणि नाव घेऊन उपयोगही नाही, कारण तिथल्या डॉक्टरच्या जागी मी असतो तर एकट्यानं रात्री मीही कदाचित तेच केलं असतं. पण स्ट्रेचरवरच्या माणसाला हे कसं सांगणार? नातेवाइकांच्या डोळ्यांपुढं फक्त आम्ही दोघं असतो, म्हणून शिव्या आम्हाला. कधी दवाखान्यात खाट रिकामी नसते म्हणून पेशंट आमच्याच स्ट्रेचरवर ठेवून घेतात. स्ट्रेचर अडकलं की गाडी अडकली. मग तालुक्यात दुसरा कॉल आला की पलीकडच्या तालुक्याची गाडी निघते आणि ती पोचेपर्यंत तास होतो. गावाला ह्यातलं काही दिसत नाही. गावाला दिसते ती उशिरा आलेली गाडी.

गर्दी चिडली तर काय करायचं, हेही सांगून ठेवतो. गाडीतून उतरताना रिकाम्या हातानं उतरू नका. हातात ऑक्सिजन किंवा बॅग पाहिजे. लोकांना डॉक्टर काहीतरी करतोय हे दिसलं की अर्धा राग उतरतो. आणि गर्दीतल्या सगळ्यात जोरात ओरडणाऱ्या माणसाला काम द्या. "भाऊ, तुम्ही सलाईनची बाटली धरा." अकरा वर्षांत बाटली धरलेल्या माणसानं मला कधी मारलेलं नाही. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे, पण रात्री दोन वाजता फाट्यावर कायदा येत नाही.

खोटे कॉल येतात, दारू पिऊन पडलेल्यांचे येतात, आठवडी बाजाराच्या दिवशी गुडघेदुखीचे येतात. पहिली दोन वर्षं मी चिडायचो. आता नाही चिडत. ज्या गावातून दिवसाला एकच एसटी सुटते तिथल्या म्हातारीनं आम्हाला फोन केला तर तिचं फार चुकलं असं मला वाटत नाही. मी तिला तपासतो. त्यातल्याच एका "नुसत्या गॅस"च्या केसमध्ये ईसीजीवर हार्ट अटॅक निघाला होता. ॲस्पिरिन चावायला दिली तर बुढा म्हणतो, "ही कडू गोयी गॅसची नाई."

महामार्गावर अपघात झाला की आमच्या आधी लोकांनी माणूस उचललेला असतो. दोघांनी हात, दोघांनी पाय, मान लोंबकळतेय. त्यांना ओरडू नका, निदान ते थांबले तरी. जे थांबत नाहीत ते पोलिसांच्या भीतीनं. त्यांना सांगा की २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातच मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, नावसुद्धा सांगायची सक्ती नाही. मी हे ढाब्यांवर चहा पिताना सांगत बसतो. दोन ढाबेवाले आता मान धरायला शिकलेत, माझ्यापेक्षा चांगली धरतात.

बाळंतपणाचं लोक फार कौतुकानं विचारतात. गाडीत बाळ जन्मलं, पेढे, पेपरात फोटो. खरं तर गर्भवतीसाठी १०२ ची वेगळी गाडी असते, आमच्याकडं अडलेल्या किंवा उशीर झालेल्या येतात, त्यामुळं गाडीतलं बाळंतपण म्हणजे आमच्या लेखी कुठंतरी काहीतरी हुकलं. डोकं दिसायला लागलं की गाडी बाजूला घ्यायची, पळवायची नाही. एसी बंद. बाळ आधी कोरडं करायचं, मग आईच्या पोटावर, नाळ कापायची घाई नाही. ऑक्सिटोसिन द्यायचं आणि आईच्या पोटावर हात ठेवून गर्भाशय कडक होतंय का बघत राहायचं, कारण बाळ रडलं की सगळे बाळाकडं बघतात आणि रक्त तिकडं चाललेलं असतं. सोबतची आशाताई हे तुमच्यापेक्षा जास्त वेळा बघून बसलेली असते. तिचं ऐका. बाळ रडल्यावर पायलट भाऊ पुढून "काय झालं?" विचारतात, आणि मी "रडलं" एवढंच सांगतो. मुलगा की मुलगी ते दोघांनाही दवाखान्यात गेल्यावर आठवतं.

मरणाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण ते येणारच. पेशंट अर्ध्या रस्त्यात गेला तर सीपीआर करत पुढं न्यायचं, जाहीर करायचं ते दवाखान्यातल्या डॉक्टरनं. पण सोबतच्या बायकोला कळलेलं असतं. एका बाईनं मला हात धरून थांबवलं आणि म्हणाली, "राहू द्या डॉक्टर, आता घरी न्या त्याईले." आम्ही नेऊ शकत नाही. ही गाडी शव वाहत नाही, तसा नियमच आहे आणि तो बरोबरही आहे, कारण दुसऱ्या जिवंत माणसाचा कॉल वाट पाहत असतो. म्हणजे तिला नवऱ्यासकट अनोळखी शहराच्या दवाखान्यात उतरवायचं, पुढं शवविच्छेदन, पंचनामा, आणि गावी परत न्यायला गाडीचं भाडं तिनं कुठून आणायचं हा प्रश्न तसाच सोडून कॉल घ्यायचा. शववाहिकेचा नंबर आणि तिथल्या समाजसेवा अधीक्षकाचा नंबर मी खिशात ठेवतो. दोन फोन लावून मगच निघतो. तेवढी पाच मिनिटं नोंदीत "गाडी साफ करणे" अशी जातात.

पगाराचं थोडक्यात: नोकरी कंत्राटी, पाळी बारा तासांची, पैसे क्लिनिकमध्ये दोन वर्षांत ह्याहून जास्त मिळतील. पगार मागं-पुढं झालेले महिने मी पाहिलेत. मे महिन्यात पत्र्याच्या गाडीत पंचेचाळीस-सेहेचाळीस डिग्रीत उष्माघाताच्या पेशंटला ओली चादर गुंडाळताना कधीकधी कळत नाही की आधी कोणाला गुंडाळावं.

आणि बाई म्हणून एक खरी अडचण, जी कोणी सांगणार नाही: जिथं गाडी उभी राहते तिथं रात्री बायकांसाठी उघडं, दिवा असलेलं स्वच्छतागृह असेलच असं नाही. रुजू होण्याआधी जाऊन बघून या. नसेल तर आधीच लेखी मागा, रुजू झाल्यावर कोणी ऐकत नाही. आमच्या पलीकडच्या गाडीवर एक डॉक्टर मॅडम आहेत, त्यांनी असंच भांडून कुलूप-किल्ली मिळवली. रात्रीच्या रस्त्यांची घरच्यांना वाटते तेवढी भीती त्यांना कधी वाटली नाही. त्या म्हणतात, गावात डॉक्टरीण बाई उतरली की आतल्या खोलीचं दार उघडतं. जे मला बाजेवरच्या बाईला विचारता येत नाही ते त्या एका मिनिटात विचारून घेतात.

तुम्ही येणार असाल तर सामान थोडकं. टाचा न घसरणारे बूट, स्वतःची टॉर्च, स्वतःचं बोटाचं ऑक्सिमीटर, डबा अशा भाजीचा की संध्याकाळी पाचला खाल्ला तरी चालेल. पायलटला ड्रायव्हर म्हणू नका. पेशंट घेऊन येताना तुमची जागा मागंच, पण पहिला महिना कॉलला जाताना पुढं त्यांच्या शेजारी बसा आणि फाटे पाठ करा: कुठला नाला जुलैत भरतो, कुठल्या पुलाला कठडा नाही, कुठल्या गावातून आत शिरलं की गाडी वळत नाही. आमच्या भाऊंना हे सगळं तोंडपाठ आहे, पण विचारल्याशिवाय ते बोलत नाहीत. परतताना तर्री-पोह्याला थांबलात तर पैसे तुम्ही द्या. त्यांचा पगार तुमच्यापेक्षा कमी आहे.